शोभादर्शकी गोधडीचें कापड

शोभादर्शकाची नळी ज्याच्या हातीं लहानपणीं कधीं आली नाहीं असा माणूस विरळाच. काचेच्या तीन पट्ट्या, त्यांवर काळा कागद आणि तळाशीं फुटक्या बांगड्यांचे चार तुकडे, एवढ्या सामग्रीवर ती घरोघरीं तयार होत आली आहे. नळी फिरवावी, आणि क्षणापूर्वीं जो नुसता कचरा होता त्याचें सहा पाकळ्यांचें फूल व्हावें! स्कॉटलंडमधील पदार्थविज्ञानवेत्ता डेव्हिड ब्रूस्टर यानें १८१६ सालीं हें यंत्र शोधून काढलें, १८१७ मध्यें त्याचें पेटंट घेतलें आणि १८१९ मध्यें त्यावर एक ग्रंथहि लिहिला. मुलांनीं त्याच्याशीं खेळावें एवढ्यावर त्याचें समाधान नव्हतें; गालिचे विणणारे, कापडावर नक्षी छापणारे अशा कारागिरांना नवनवीन आकृति सुचविण्याचें तें साधन होईल अशी त्याची अपेक्षा होती. परंतु यंत्र बाहेर पडतांच त्याच्या नकला बाजारांत धडाधड विकल्या जाऊं लागल्या, पेटंट कागदावरच राहिलें, आणि कारागिरांच्या आधीं मुलांनींच तें आपलेंसें केलें. कापडाशीं त्याचा जो संबंध पुढें जुळला तो जवळजवळ पावणेदोनशें वर्षांनीं, आणि तोहि उलट्या दिशेनें. यंत्रांतील आकृति पाहून कापड छापण्याऐवजीं, छापलेल्या कापडांतूनच यंत्रांतल्यासारखी आकृति शिवून काढण्याची कला अमेरिकेंत बहरास आली.

अमेरिकेंतील गोधडी महाराष्ट्रांतील वाकळेसारखी नसते. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून ते धांवदोऱ्यानें बांधून टाकले असें तेथें होत नाहीं. आधीं निरनिराळ्या तुकड्यांचे चौक शिवतात, ते चौक जोडून वरचा पदर तयार करतात, आणि मग त्याखालीं कापूस व अस्तर घालून तिन्ही थर एकत्र शिवतात. शोभादर्शकी चौक म्हणजे मध्यबिंदूशीं टोंकें जुळवून बसविलेल्या आठ त्रिकोणी कळ्या. घागऱ्याला घेर यावा म्हणून शिंपी जी निमुळती पट्टी लावतो तिला कळी म्हणतात. तोच शब्द येथें सोयीचा आहे. प्रत्येक कळीच्या टोंकाचा कोन ४५ अंशांचा. अशा आठ मिळून अष्टकोन होतो, आणि त्याच्या चार तिरप्या बाजूंना चार लहान त्रिकोण लावले कीं तो चौरस होतो. ६० अंशांच्या सहा कळ्या घेतल्या तर षट्कोन मिळतो. चौक जुनाच आहे. पूर्वीं तो गडद आणि फिक्या कापडाच्या कळ्या आळीपाळीनें लावून शिवीत. नवी युक्ति अशी कीं आठहि कळ्या एकाच छापील कापडांतून, नक्षीच्या तंतोतंत त्याच जागेवरून घ्यावयाच्या. त्यासाठीं कापडाचे आठ थर नक्षीवर नक्षी बसवून रचतात, टांचण्यांनीं पक्के करतात आणि एकदम कापतात. या थप्पीच्या कापणीला बेथनी रेनल्ड्स यांच्या १९९८ सालच्या पुस्तकानें मोठा प्रसार मिळवून दिला. मॅक्सीन रोझेंथल यांनीं २००६ मध्यें साठ अंशांच्या त्रिकोणांवर आपली निराळी पद्धति बसविली.

आठ थर एकदम कापावयाचे म्हणजे काय, हें आधीं ध्यानांत घ्यावें. पांच-सवापांच वार नवें कोरें कापड एका दुपारींत चाळण होतें. उरलेल्या कापडांतून एक पोलकेंसुद्धां निघत नाहीं. शिवण वांकडी आली तर ती उसवतां येते, कोंपरा शोभला नाहीं तर बदलतां येतो. परंतु कापडच चुकीचें निवडलें गेलें असेल तर सुईच्या हातीं कांहीं उरत नाहीं. म्हणून या कलेंत शिवणाऱ्या हातापेक्षां दुकानांतल्या डोळ्यावर अधिक भार आहे. आणि पंचाईत अशी कीं तो डोळा निराळ्या खरेदीला सरावलेला असतो. साडी किंवा पडद्याचें कापड घेतांना माणूस फूल पाहतो, पान पाहतो, एकंदर शोभा पाहतो. येथें तें फूल उरणारच नाहीं. कळीच्या एका कडेला त्याची अर्धी पाकळी येईल, दुसरीकडे एकादा देठ, टोंकाशीं जमिनीच्या रंगाचा ठिपका. त्यामुळें दुकानांत सर्वांत देखणी ठरलेली चीट चौकांत मरगळून जाते, आणि जिच्याकडे कोणी ढुंकूनहि पाहिलें नव्हतें अशी गिचमिड, भडक चीट अष्टकोनांत एकाएकीं उमलते. गोधडी शिवणाऱ्या अनुभवी स्त्रिया तागा उलगडून नक्षीची तारीफ करीत बसत नाहींत. त्या टेप काढतात.

टेप लागतो तो आवर्तनासाठीं. छापील कापडावर नक्षी ठराविक अंतरानें पुन्हां येते. एका पाकळीच्या टोंकावर बोट ठेवावें आणि काठाला समांतर जात हुबेहूब तसेंच टोंक पुन्हां कोठें येतें तें मोजावें. कारखान्यांत फिरत्या जाळीदार नळकांड्यांनीं छापण्याची पद्धति १९६३ पासून प्रचारांत आली. या नळकांड्याचा नेहमींचा घेर ६४ सेंटिमीटर, म्हणजे सुमारें सव्वापंचवीस इंच असतो. नळकांडें एकदां फिरलें कीं नक्षी पुन्हां पहिल्यापासून सुरू होते. म्हणून अशा कापडाचें आवर्तन घेराइतकें असतें, नाहीं तर त्याचा अर्धा, तिसरा किंवा चौथा हिस्सा. गोधडीसाठीं छापलेल्या अमेरिकन सुती कापडांत २४ इंचांचें आवर्तन पुष्कळदां आढळतें. आठ कळ्यांसाठीं त्याचीं आठ आवर्तनें, म्हणजे १९२ इंच, किंवा ५ वार आणि वर १२ इंच कापड लागतें. षट्कोनाला ४ वारांत भागतें. आवर्तन १२ इंचांचें असेल तर आठ थरांनाहि ९६ इंच, म्हणजे पावणेतीन वारांच्या आंतच, पुरतात.

यावरून आखूड आवर्तन काटकसरीचें असें कोणासहि वाटेल, आणि नेमकी तेथेंच फसगत होते. एका आवर्तनांत जेवढी निराळी नक्षी, तेवढेच निराळे चौक. सहा इंचांच्या आवर्तनांत कळी कोठेंहि ठेवली तरी तींच दोन फुलें आणि तेंच पान हातीं लागतें. वीस चौकांची गोधडी पाहतांना वीस भावंडें पाहिल्यासारखें वाटावें. येथें एकाच माणसाचीं वीस छायाचित्रें पाहिल्यासारखें वाटतें. पन्ह्याच्या दिशेनेंहि नक्षी किती वेळां पुन्हां येते तें पाहावें, कारण पन्ह्यांत ती चारदां आली तर लांब आवर्तनाचाहि लाभ तेवढा कमी होतो. पैसा वांचवावयाचाच असेल तर चौक कमी करावे, कळ्या आठांच्या सहा कराव्या. आवर्तनांत कसर करूं नये.

नक्षीचा आकार किती मोठा असावा, याचें उत्तर कळीच्या मापांत आहे. १२ इंची चौकांतल्या कळीची उंची ६ इंच आणि पाया जेमतेम ५ इंच. टोंकापासून एक इंचावर तिची रुंदी पाऊण इंचाहून थोडीच अधिक भरते. म्हणजे चौकाच्या मध्यभागीं, जेथें पाहणाऱ्याची नजर सर्वांच्या आधीं जाते, तेथें कापडाची केवळ चिंचोळी चिरी वापरली जाते. अर्ध्या इंचाची बुट्टी सगळीकडे सारख्या अंतरानें पेरलेली असेल तर कळी कोठूनहि घेतली तरी फळ एकच: दुरून करडा दिसणारा पुंजका. उलटपक्षीं हातभर लांबीचें कमळ असेल तर एका कळींत नुसता गुलाबी रंग येतो, दुसरींत नुसता हिरवा, आणि छापील कापडाऐवजीं साधें रंगीत कापड घेतलें असतें तरी चाललें असतें असें होतें. दोन ते चार इंचांचे ठळक आकार, त्यांच्या अधूनमधून वळणारे देठ, तंतु, तुरे, आणि आकारांमधील मोकळी जागा कोठें अरुंद, कोठें रुंद, अशी विषम बांधणी सर्वांत फलदायी होते. जी नक्षी डोळ्याला जरा अव्यवस्थित वाटते तीच येथें गुणाची.

रंगांचेंहि तसेंच. बारा रंग असून ते सर्वत्र सारखे वाटलेले असतील तर प्रत्येक चौकांत बाराहि रंग येतात आणि कोणताच चौक दुसऱ्याहून निराळा होत नाहीं. एका अंगाला निळ्याचा घोळका, दुसरीकडे तांबड्याचा, मध्येंच पिवळ्याची धार, असें कापड असेल तर एक चौक निळा निघतो, दुसरा केशरी. तथापि रंगांच्या भिन्नतेपेक्षां उजळपणा व काळोखी यांतील अंतर महत्त्वाचें. डोळे किलकिले करून कापड पाहावें, किंवा मोबाइलवर त्याचें रंगहीन छायाचित्र काढावें. सगळें एकाच राखी छटेंत विरून गेलें तर तें कापड परत ताग्यावर गुंडाळूं द्यावें. काळ्या अथवा गर्द निळ्या जमिनीवरची उजळ नक्षी बहुधा यश देते. पांढऱ्या जमिनीवर विरळ फुलें असतील तर कळीचें टोंक हमखास मोकळ्या जागेंत पडतें आणि चौकाच्या मध्याशीं भोंक पडल्याचा भास होतो.

ही परीक्षा दुकानांतच करण्याची एक सोपी तऱ्हा प्रसिद्ध आहे. दोन लहान चौकोनी आरसे एका कडेनें चिकटपट्टीनें जोडावे, ४५ अंशांत उघडून कापडावर उभे करावे. त्यांच्यामधील कळी आठपट होऊन पुरा अष्टकोन दिसूं लागतो. आरसे सरकवीत गेलें कीं एकामागून एक आकृति उमलत जातात आणि कापड घेण्याचा मोह अनावर होतो. परंतु आरसा जें दाखवितो तें कात्री देत नाहीं. आरशांत एक कळी सुलट असते, शेजारची उलट, तिच्या पलीकडची पुन्हां सुलट. त्यामुळें उजवी कड नेहमीं उजव्या कडेलाच भिडते आणि डावी डावीला. कडेपर्यंत आलेल्या रेघेला पलीकडे तिचेंच प्रतिबिंब भेटतें. कोठें कांहीं तुटत नाहीं. थप्पीनें कापलेल्या आठ कळ्या मात्र सर्व एकाच तोंडाच्या असतात. एकीची उजवी कड दुसरीच्या डाव्या कडेला शिवली जाते. उजव्या कडेवर पान असेल आणि डाव्या कडेवर रिकामी जमीन, तर आठहि शिवणींवर पान चिरल्यासारखें दिसतें. आकृति होते ती आरशांतल्या फुलाची नव्हे, तर एका दिशेनें फिरणाऱ्या भिरभिऱ्याची.

भिरभिरें कमी प्रतीचें असें मुळींच नाहीं. पण त्याला लागणारें कापड निराळें. वळण असलेली, झुकलेली, वाऱ्यानें एका अंगाला कलल्यासारखी नक्षी त्याला मानवते. या दृष्टीनें कोयरीइतकी गुणी आकृति शोधून सांपडणार नाहीं. तिची पाठ गोल, शेंडा एकीकडे मुरडलेला. आठ शेंडे एकाच दिशेला मुरडले कीं चौक जाग्यावरच गरगर फिरल्यासारखा दिसतो. पट्ट्यांचें कापडहि चांगलें काम देतें. पट्टे कळीच्या पायाला समांतर आले तर अष्टकोनांत अष्टकोन अशीं कडीं बनतात, कळीच्या उंचीच्या दिशेनें आले तर किरण फुटतात, आणि तिरपे आले तर शिवणीशिवणीवर पायऱ्या पडून चक्र फिरूं लागतें. एकाच कापडांतून ही तिन्ही रूपें निघतात, तीं केवळ कळी वळवून.

आरशांतलेंच फूल हवें असेल तर काय करावें? छापील कापडाला सुलट आणि उलट बाजू असते, हीच खरी अडचण. चार कळ्या पालथ्या घालतां आल्या असत्या तर प्रश्न मिटला असता. परंतु पालथ्या बाजूला रंग फिका पडलेला असतो. आधीं सूत रंगवून मग विणलेले चौकडे किंवा इकताचें कापड दोन्ही अंगांनीं सारखें दिसतें, बाटिकहि बहुधा तसेंच उतरतें. अशा कापडांत कळ्या आळीपाळीनें पालथ्या घालून आरशाचें काम खरोखर साधतां येतें. दुसरी वाट न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागांतील पॉला नॅडेलस्टर्न यांची. त्यांनीं जिचा डावा अर्धा भाग उजव्याचें प्रतिबिंब आहे अशी नक्षी निवडली आणि कळीची मध्यरेषा बरोबर त्या नक्षीच्या अक्षावर ठेवली. मग कळीच्या दोन्ही कडा आपोआप एकमेकींचीं प्रतिबिंबें होतात आणि कोणतीहि कड कोणत्याहि कडेला लावली तरी रेघ जुळते. या मानकरी कापडांना त्या प्रायमा डोना, म्हणजे संगीतिकेंतील मुख्य नायिका, असें नांव देतात. त्यांच्या जोडीला त्या दुसऱ्या जातीचें कापड घेतात: ज्यांत ठळक आकार नाहीं, रंग एकांतून दुसऱ्यांत वाहत गेला आहे आणि त्यामुळें शिवण कोठें आहे तें ओळखूं येत नाहीं. नायिका कितीहि असल्या तरी शिवणी लपविण्याचें काम हें दुय्यम कापडच करतें. वीस वर्षांहून अधिक काळ नॅडेलस्टर्न हें सारें काम स्वयंपाकघरांतील ४० इंच व्यासाच्या गोल टेबलावर करीत असत. २००९ मध्यें न्यूयॉर्कच्या अमेरिकन फोक आर्ट म्यूझियममध्यें त्यांच्या गोधड्यांचें प्रदर्शन भरलें होतें.

हाताच्या ठशानें छापलेलें कापड या कामाला घ्यावें कीं नाहीं, असा प्रश्न भारतांतील घरांत साहजिकच निघेल. मच्छलीपट्टणची कलमकारी किंवा सांगानेर-बगरूची चीट पाहून कोणाचाहि हात पुढें होईल. परंतु ठसा उचलून पुढें ठेवतांना कारागिराचा हात किंचित् इकडेतिकडे होतो, एका ठशाला शाई अधिक लागते, दुसऱ्याला कमी. हीच त्या कापडाची माया आणि हीच येथें त्याची अडचण. आठ थर जुळवितांना एकावर टांचणी बरोबर बसते, तिसऱ्यावर ती पाव इंच सरकलेली असते. असल्या कापडाच्या कळ्या थप्पीनें न कापतां एकेक करून, पारदर्शक साच्यावर नक्षीची खूण करून कापाव्या. वेळ लागतो, पण थोडें अंतर राहिलेंच तर तें डोळ्याला खुपत नाहीं. येथें एक गोष्ट आठवण्याजोगी आहे. इंग्रजींतील चिंट्झ हा शब्द म्हणजे हिंदुस्थानांतील चीटच. कोरोमंडल किनाऱ्यावरून जाणाऱ्या या कापडाची विलायतेंत एवढी चटक लागली कीं तेथील विणकरांच्या रक्षणासाठीं १७०० व १७२१ मध्यें त्यावर बंदीचे कायदे करावे लागले; निर्बंध सैल झाले ते १७७४ मध्यें. त्या काळच्या इंग्रज व अमेरिकन गृहिणी चिटेवरील पक्षी आणि फुलें कडेकडेनें कातरून साध्या चादरीवर टांकीत. त्यांना पक्षी पुरा हवा असे. शोभादर्शकी गोधडींत पक्षी पुरा राहिला तर आकृतीच होत नाहीं. पंखाचा एक कोपरा आणि खालची फांदी एवढेंच घ्यावयाचें असतें. ज्याला तो पक्षी मोडवत नाहीं त्यानें तें कापड चादरीला ठेवावें.

निवड होत आली म्हणजे दोन बारीक गोष्टी पाहून घ्याव्या. नक्षी विणीशीं सरळ छापली आहे कीं तिरपी, हें काठाशीं ताडून पाहावें; तिरप्या छापाचे थर जुळविण्यासाठीं कापड ओढावें लागतें आणि ओढलेली कळी शिवल्यावर फुगते. दुसरी गोष्ट शिवणीसाठीं सोडावयाच्या पाव इंच मायेची. टोंकाशीं दोन्ही बाजूंची माया एकत्र येते आणि ४५ अंशांच्या कळींत कापलेल्या टोंकापासून अर्ध्या इंचाहून अधिक कापड आंत गडप होतें. साठ अंशांच्या कळींत बरोबर अर्धा इंच. हौसेनें अगदीं टोंकावर आणलेला लाल ठिपका शिवल्यावर दिसतच नाहीं तो यामुळें. म्हणून जाड पुठ्ठ्यांत शिवून झालेल्या कळीच्या मापाची खिडकी कापावी आणि तिच्यांतूनच कापड पाहावें. थप्पीच्या कापणीचा खरा अंदाज हवा असेल तर आरशाऐवजीं कापडाच्या एका आवर्तनाच्या आठ छायाप्रती काढून त्यांच्या कळ्या कापाव्या व कागदावर मांडाव्या. कागद वाया गेला तर दुःख नाहीं.

कोंपऱ्यांच्या त्रिकोणांसाठीं कापड त्याच दिवशीं घेण्याची घाई करूं नये. चार चौक जेथें भेटतात तेथें चार कोंपरे मिळून शंकरपाळ्यासारखा एक चौकोन उभा राहतो, आणि तो अष्टकोनांइतकाच ठळक दिसूं शकतो. त्याचा रंग नक्षीच्या जमिनीशीं मिळता ठेवला तर अष्टकोन काळोखांत तरंगल्यासारखे दिसतात. निराळा ठेवला तर जाळीमागून पाहिल्यासारखे. यांपैकीं कोणतें बरें तें ताग्याकडे पाहून ठरत नाहीं, कारण ताग्यावर तांबडी वाटणारी चीट कळ्या होऊन आली कीं हिरवी दिसते असें पुष्कळदां घडतें. सहा-सात चौक शिवून व्हावे, ते भिंतीवर टांचावे, आणि मग त्यांतला एक चौक पिशवींत घालून पुन्हां दुकानांत जावें.